दोन पेट्यांतलं पाणी

१

कुलूप शाबूत होतं, कोयंडा शाबूत होता, खिडकीचे गजही जागच्या जागी होते. फक्त पेटी नव्हती.

कहकशां इनामदार ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत उभी राहून टेबलाखाली, कपाटामागे, दाराआड पुन्हा पुन्हा पाहत होती. काल संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातानं दोन पेट्या या टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या होत्या. दोन्ही थर्माकोलच्या, दोन्हींत बर्फ, दोन्हींत गावातल्या पाण्याच्या सीलबंद बाटल्या. निळी पट्टी मारलेली पेटी कंपनीची, साधी पांढरी गावाची. निळी होती तिथंच होती. पांढरीच्या जागी टेबलावर ओलसर चौकोन उरला होता.

"कुणी हलवली असंल का?" मागून सिद्रामप्पांचा आवाज आला. सकाळी दार त्यांनीच उघडून दिलं होतं. "बस जरा पोरी. घाम फुटलाय तुला. मी चहा सांगतो."

उद्या ग्रामसभा होती. त्याआधी, म्हणजे आज दुपारपर्यंत, ती पेटी नांदेडच्या प्रयोगशाळेत पोचायला हवी होती.

माळसांगवी अहमदपूर तालुक्यातलं गाव. गावाबाहेर डांबरी रस्त्याला अजीजभाईंचं खडी क्रशर आहे. तिथं खडी फोडताना उरणारी काळ्या दगडाची बारीक पावडर मागच्या उन्हाळ्यात गावातल्या काही शेतांत पसरली होती. पावसाचं पाणी हवेतला कर्बवायू घेऊन जमिनीत उतरतं. तिथं ही पावडर असली की तो वायू पाण्यातल्या क्षारांत अडकतो आणि परत हवेत जात नाही, असं त्यामागचं शास्त्र. हवा तापवणारा वायू तेवढाच कमी. पुण्याची एक कंपनी हे करून पाहत होती. गावानं होकार दिला तर पुढच्या वर्षी सगळ्या शिवारात पावडर पडणार होती.

गावाचे प्रश्न कंपनीपर्यंत आणि कंपनीची उत्तरं गावापर्यंत न्यायची, हे कहकशांचं काम. नांदेडच्या एका महाविद्यालयातल्या संशोधन गटानं तिला नेमलं होतं. पहिल्याच बैठकीत लोकांनी विचारलं होतं की दगडातलं काही वाईट विहिरीत उतरलं तर काय. तेव्हा ती उभी राहून म्हणाली होती, "पाणी तपासल्याशिवाय एक घमेलं पावडर वाढणार नाही. माझा शब्द."

म्हणून दोन पेट्या. एक कंपनीनं तपासायची, एक गावानं स्वतःच्या खर्चानं. आणि खोलीला तीन किल्ल्या: एक कंपनीच्या व्यंकटकडं, एक पावडरीला पहिल्यापासून विरोध करणाऱ्या भुजंगकडं, एक देखरेख समितीचे अध्यक्ष सिद्रामप्पा यांच्याकडं. ही युक्तीही तिचीच. तिघं तीन दिशांचे, म्हणजे कुणी गडबड करणार नाही असं तिला वाटलं होतं.

कुलूप तोडलेलं नव्हतं. म्हणजे त्या तिघांपैकीच कुणीतरी.

तेवढ्यात बाहेर पळत येणाऱ्या चपलांचा आवाज झाला. गावची आशा आरोग्यसेविका लुंबिनी दारात येऊन धापा टाकत उभी राहिली.

"मॅडम, बालाजीची सृष्टी… लातूरला नेलंय तिला. पोरीनं डोळे फिरवले."

२

दिवाळीपासून गावात पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या होत्या. आधी जुलाब, मग उलट्या, मग ताप. मोठी माणसं दोनचार दिवसांत उठून बसत होती, पोरं मात्र गळून जात होती. कंपनीनं चौकशी केली तेव्हा आजारी निघालेली सगळी घरं पावडर टाकलेल्या शेतकऱ्यांची होती. ती बातमी कशी फुटली कोण जाणे, पण तेव्हापासून गावात एकच बोलणं होतं: दगडाचं विष पाण्यात उतरलं. आणि तिसरीत शिकणारी सृष्टी ही बालाजीची मुलगी, ज्याच्या शेतात सगळ्यात आधी पावडर पडली तोच हा बालाजी.

चावडीसमोर माणसं जमली होती. कहकशां बाहेर आली तशी बोलणी थांबली. महिनाभरापूर्वी हीच माणसं तिला "या मॅडम, बसा" म्हणून खुर्ची पुढं करायची. आज कुणी नजर उचलली नाही.

तिचा फोन वाजला. अजीजभाई होते.

"बेटी, मेरा ट्रॅक्टर फाट्यावर अडवलाय लोकांनी. ड्रायव्हरला खाली उतरवलंय. मोबाईलवर काहीबाही फिरून राहिलंय, की क्रशरवाल्यानं पाण्यात जहर कालवलं म्हणून. तीस साल झाले मी इथं धंदा करतो. माझ्याच पावडरीत माझी नातवंडं खेळतात. तू काहीतरी बोल त्यांना."

"ट्रॅक्टर तिथंच सोडा आणि ड्रायव्हरला घरी पाठवा," ती म्हणाली. "आज क्रशर बंद ठेवा, भाई. मी बघते."

काय बघणार होती हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. अजीजभाईंचं नाव आज मोबाईलवर फिरत होतं, उद्या तिचंही फिरलं असतं. कुणी तसं बोललं नव्हतं, पण पाण्याच्या पेटीची राखण करणारी बाई आणि क्रशरवाला एकाच समाजाचे, हे जोडायला फार वेळ लागत नाही. ती व्यंकटला शोधायला निघाली.

व्यंकट त्याच्या जीपमध्ये बसून फोनवर बोलत होता. तिला पाहून त्यानं फोन ठेवला. देगलूरकडचा तरुण मुलगा, शेतकी पदवीधर, इस्त्रीचा शर्ट. आज शर्टाची बटणं एक घर चुकलेली होती.

"मॅडम, मला विचारू नका की पेटी मी नेली का," तो आधीच म्हणाला. "सगळे तेच विचारून राहिले."

"तू सांग की मग."

"मला कशाला पाहिजे ती? पाण्यात काही निघालं असतं तर आमच्या पेटीतही निघालं असतं. विहिरी त्याच, भरण्याची वेळ तीच. मला लपवायचंच असतं तर मी दोन्ही पेट्या उचलल्या असत्या." त्यानं हातातल्या फोनकडं पाहिलं. "वरिष्ठांचा फोन होता. ते म्हणतात, गावाची पेटी गेली ना, मग आपल्या अहवालावर ग्रामसभा घ्या. मी म्हटलं, लोक मारतील मला."

"आणि काल तू चिडला होतास. शेवटी."

"चिडलो, हो. ठरल्या होत्या विहिरी. बायका म्हणाल्या की हातपंप घ्या, शाळेची टाकी घ्या, जारमधलं फिल्टरचं पाणी घ्या, आणि तुम्ही घेतल्या. तिथं पावडरीचा काय संबंध? मी माझ्या पेटीत नाही घेतल्या." त्यानं कपाळ पुसलं. "पण त्यासाठी कोणी चोरी करतं का?"

ती परत निघाली तेव्हा ट्रॅक्टर अडवणाऱ्यांतली दोघंतिघं पंचायतीच्या दिशेनं येत होती. पुढं भुजंग होता, आणि त्याच्या हातात खोलीची किल्ली होती.

३

"ही घ्या," भुजंगनं किल्ली तिच्या हातात ठेवली. "मला नको आता. जो तो माझ्याकडं बघून राहिला."

त्याच्यासोबतच्या माणसांना तिनं बाहेर थांबवलं आणि त्याला रिकाम्या खोलीत नेलं. चाळिशीचा, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत थेट पाहणारा माणूस. प्रत्येक बैठकीत तो एकच प्रश्न विचारायचा: पावडर पसरवताना बायकांच्या छातीत धूळ जाते त्याचं काय? त्याचा थोरला भाऊ नांदेडजवळच्या एका खाणीवर राबून खोकून खोकून गेला होता. कंपनी दर वेळी म्हणायची की मुद्दा नोंदवून घेतला आहे.

"काल तू कुठं होतास?"

"घरी. बायकोला विचारा. पण ती माझीच बाजू घेणार." तो खिन्न हसला. "मॅडम, मला हे काम बंद पाहिजे, लपवून काय करू. पण त्यासाठी मला पेटी नांदेडला पोचायला पाहिजे. आतलं पाणी खराब निघालं तर माझंच खरं ठरणार. मी कामून चोरू? आन् मला बंद पाडायचं असतं तर मी चावडीवर उभा राहून पेटी फोडली असती, सगळ्यांसमोर. गपचूप कुलूप लावून न्हाई गेलो असतो."

हे तिला पटलं. भुजंगचं काहीच गपचूप नसायचं.

"ट्रॅक्टर का अडवलास मग?"

"पोरगी मरायला टेकली, मॅडम. लोकांना काहीतरी करायचंच होतं. मी होतो म्हणून ड्रायव्हरला कोणी हात लावला न्हाई."

तो गेल्यावर ती टेबलापाशी बसली. ओलसर चौकोन आता सुकत आला होता, शेजारी निळ्या पट्टीची पेटी तशीच. तिनं त्या पेटीवर हात ठेवला. अजून गार होती.

ज्याला पाण्याचा निकाल नको होता त्यानं ही का सोडली? दोन्ही पेट्यांत विहिरींचं पाणी सारखंच. एक नेऊन एक ठेवण्यात काय फायदा? व्यंकट म्हणतो तेच खरं: विहिरींना घाबरणाऱ्या माणसानं दोन्ही उचलल्या असत्या.

मग तो विहिरींना घाबरत नव्हता.

ती एकदम उठून उभी राहिली. चोराला नको होतं ते पाणी फक्त पांढऱ्या पेटीत होतं. जे निळ्या पेटीत नव्हतं तेच. हातपंप. शाळेची टाकी. फिल्टर. या तिन्ही बाटल्या बायकांच्या आग्रहानं शेवटच्या घटकेला भरल्या होत्या, आणि एकच बाटली गायब झाली असती तर कुणालाही कळलं असतं की कशाची भीती आहे. म्हणून अख्खी पेटी.

पण मग पावडरीचं काय? पावडर टाकलेल्याच घरांत आजार, हे तर खरं होतं ना?

फोनवर बालाजीचं नाव उमटलं.

"मॅडम, डॉक्टर विचारून राहिले की पोरीच्या पोटात काय गेलं. मी सांगितलं, दगडाचं विष. ते म्हणतात, कोणतं विष, नीट सांगा. मी काय सांगू?"

४

"लुंबिनी, तुझ्या हातून किती घरांना जुलाबाची पाकिटं गेली?" कहकशांनं चालता चालता विचारलं.

"लई गेली. मोजत कोण बसलंय."

"पावडर नसलेल्या कुणाच्या घरी दिलीस?"

लुंबिनी चालायची थांबली. "दिली की. शिवकन्याच्या पोराला. कोपऱ्यावरचे न्हावी हायत, त्यांच्या म्हातारीला. पण कंपनीची माणसं आली तवा ती फकस्त पावडरवाल्या शेतकऱ्यांच्या घरी गेली. शिवकन्याला कुठं शेत हाय? तिला कोण विचारणार?"

पावडर जिथं पडली तिथंच विचारलं, म्हणून आजार तिथंच सापडला. कंपनीनं तेच केलं, आणि तिनंही त्या माहितीवर कधी बोट ठेवलं नव्हतं.

शिवकन्या शिवणकाम करायची. मशीनवरून न उठताच तिनं सांगितलं की पोरगा आठवडाभर झोपून होता, आता ताक-भात खातोय.

"पाणी कुठलं पिता?"

"फिल्टरचं. जार लावलाय. दुकानात गिऱ्हाईक बसतं, त्यास्नी हातपंपाचं कसं द्यावं." तिनं मशीन थांबवलं. "कामून?"

"आज ते पिऊ नका," कहकशां म्हणाली. "खात्री झाली की येऊन सांगते."

न्हाव्याकडं तेच. दुकानात जार. आणि हातपंपाभोवतीच्या वस्तीत, जिथं लुंबिनी स्वतः राहायची, तिथं दिवाळीपासून एकही पोर आजारी नव्हतं; शाळेतही ती घरूनच पंपाच्या पाण्याची बाटली न्यायची. तिथल्या लोकांना शेतंही नव्हती आणि जारही परवडत नव्हते. म्हणून तर सगळ्यांना वाटलं होतं की शेतवाल्यांनाच आजार होतोय.

आता एकच घर बघायचं राहिलं होतं. पावडर आहे पण जार नाही, असं.

तारामतीचा मळा गावाच्या कडेला. बालाजीच्या बांधाला बांध, तितकीच पावडर पडलेली. तारामती विहिरीवर धुणं वाळत घालत होती आणि तिची अजून शाळेत न जाणारी नातवंडं चिंचेखाली भांडत होती, ठणठणीत.

"आम्हाला काय धाड भरलीय," ती म्हणाली. "मला ते डब्यातलं थंड पाणी नको वाटतं, बाई. दात सळसळतात. माझ्या विहिरीचं पाणी गोड हाय. निम्मं गाव न्यायचं आधी. आता जार आले तवापासून कोणी येत न्हाई. अप्पांची सून तेवढी येते अजून, रोज दोन कळश्या."

"कुठल्या अप्पांची?"

"सिद्रामप्पांची. फिल्टरवाल्या."

कहकशां विहिरीच्या कठड्याला टेकली. गावाला पहिलं शुद्ध पाणी आणून देणारे सिद्रामप्पा. प्रत्येक बैठकीला फुकट जार पाठवणारे, आणि दिवाळीपासून जारऐवजी सगळ्यांना चहा पाजणारे. आज सकाळी तिला घाम फुटलेला पाहूनही त्यांनी पाण्याचं नाव काढलं नव्हतं.

"तारामतीबाई, शाळेची टाकी कोण भरतं?"

"अप्पाच की. धर्म म्हणून. पोरांना फुकट पाजतात."

गावाकडून घंटेचा आवाज आला. शाळेची मधली सुट्टी झाली होती.

५

ती पळत सुटली. नांगरलेल्या रानातून साडी सावरत पळताना चप्पल ढेकळांत अडकली, ती तिथंच राहू दिली. मनात एकीकडून सृष्टीचा चेहरा येत होता आणि दुसरीकडून हेही येत होतं की आपण चुकलो असू तर? गावात ज्याच्या नावाला एक डाग नाही अशा माणसावर, उद्याच्या ग्रामसभेच्या तोंडावर, तारामतीच्या दोन वाक्यांवरून?

शाळेच्या ओट्यावर नळांपुढं पोरांची रांग लागली होती. सगळ्यात पुढची पोरगी ओंजळ धरून वाकली होती. कहकशांनं तिचा हात बाजूला केला आणि टाकीच्या बुडाशी असलेला कॉक बंद केला.

"मॅडम, काय करून राहिल्या?" गुरुजी धावत आले. "पोरं जेवायला बसायचीत."

"तारामतीबाईंच्या विहिरीवरून पाणी मागवा. उकळून द्या. टाकी रिकामी करा, गुरुजी."

"अप्पांनी काल सकाळीच भरलीय. फिल्टरचं पाणी हाय ते."

"म्हणूनच म्हणते."

गुरुजींनी तिच्याकडं, मग तिच्या एका अनवाणी पायाकडं पाहिलं. तिनं समजावत बसण्याऐवजी लातूरला फोन लावला. बालाजीला म्हणाली, फोन डॉक्टरांकडं दे. डॉक्टरीण बाई होत्या, आवाजात थकवा होता.

"दगडाच्या पावडरीचा माझ्याकडं काही पुरावा नाही," कहकशां म्हणाली. "पण या मुलीच्या घरी आणि शाळेत एकाच ठिकाणचं पाणी येतं, आणि ते पिणारी बरीच घरं आजारी आहेत. न पिणारी नाहीत. मला वाटतं त्यात घाण मिसळतेय. तपासणी अजून झालेली नाही, हेही सांगते."

"बरं झालं सांगितलंत. जंतुसंसर्गच वाटत होता मला, पण वडील विषाचं म्हणत होते म्हणून आम्ही तिकडंही धावत होतो. आता एकाच दिशेनं जाऊ. बाकीच्या पोरांना ते पाणी देऊ नका."

"वाचेल ना ती?"

"उद्या सकाळी विचारा," डॉक्टरीण बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

६

फिल्टरचा प्लांट म्हणजे पत्र्याची शेड, पुढं निळ्या जारांची उतरंड. आत थंड करणारं यंत्र घरघरत होतं. त्याच्या शेजारी पाणी गाळायची मोठी पांढरी नळकांडी होती, तिच्यावर धूळ बसली होती. शेडमागून गावाची गटार वाहत होती, आणि गटारीला लागूनच बोअरचं तोंड.

सिद्रामप्पा खुर्चीवर बसले होते. पांढरं धोतर, कपाळावर विभूती. तिला पाहून उठले.

"ये पोरी. सापडली का पेटी?"

कहकशांनं तिथला स्टीलचा पेला घेतला, जवळच्या जारमधून भरला आणि त्यांच्यापुढं धरला.

"अप्पा, एवढं पाणी घ्या. मग मी माफी मागते आणि जाते."

त्यांनी पेला घेतला. त्यात पाहत राहिले. मग तो हळूच खुर्चीवर ठेवला आणि स्वतः खाली, जारांच्या शेजारी, जमिनीवर बसले.

"पेटी वर माळ्यावर हाय," ते म्हणाले. "एक थेंब सांडला न्हाई. लोकांच्या विहिरीचं पाणी, ओतून कसं द्यावं, असं झालं मला."

ती त्यांच्यासमोर बसली. यंत्राच्या घरघरीत त्यांचा आवाज नीट ऐकू येत नव्हता म्हणून तिनं उठून बटण बंद केलं.

"श्रावणात ती नळकांडी खराब झाली. नवी आणतो म्हटलं. आज आणतो, उद्या आणतो. तोवर नुसतं थंड करून देऊ, पाणी तर बोअरचंच हाय, लोक पहिलं तेच पीत होते, असं मनाला सांगितलं. मग परतीच्या पावसानं गटार तुंबली… सुनेला म्हटलं, घरात विहिरीचं आण. तवा कळलं मला, की मला कळलेलं हाय."

"आणि पोरं आजारी पडायला लागली तेव्हा?"

"सगळे म्हणत होते पावडरीनं झालं. म्या बी म्हणलो. पावडरच असावी, असं लई मनापासून वाटत होतं मला." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "बायकांनी बाटली भरायचं काढलं तवा न्हाई कसं म्हणू? मीच जार पुढं केला. बाटलीवर लुंबिनीची सही, सील. बदलता येईना. एक काढावी तर उघड पडतो. म्हणून सगळीच."

"अप्पा, अजीजभाईंचा ट्रॅक्टर अडवला आज. ड्रायव्हरला मारलं असतं लोकांनी."

"ऐकलं म्या."

"तुम्ही चावडीवरच होता तेव्हा. एक शब्द बोलला असता तर?"

सिद्रामप्पांनी विचारलं, "बालाजीची पोर कशी हाय?"

"माहीत नाही. उद्या कळेल."

त्यांनी शेडच्या किल्ल्या कमरेच्या करगोट्यातून सोडवून तिच्यापुढं ठेवल्या. कहकशांनं त्या घेतल्या नाहीत.

"मला नको. आधी घरोघर निरोप द्या की जार ओतून टाका. तुमच्या तोंडून. मी सोबत येते. उद्या सभेत बाकीचं सांगा."

"उद्या मला उभं राहवंल का, पोरी?"

"नाही राहिलात तर मला सांगावं लागेल," ती म्हणाली. "तुम्ही सांगावं असं मला वाटतं."

७

ग्रामसभेआधी बालाजीचा फोन आला. सृष्टीचा ताप उतरला होता, सलाईन सुरू होतं, पण पोरीनं बापाला ओळखून "दादा" म्हणून हाक मारली होती. एवढं सांगून तो रडायला लागला. कहकशांनं फोन कानाशी धरून ठेवला, त्याचं रडणं संपेपर्यंत.

चावडीसमोर सगळं गाव होतं. अजीजभाई कडेला, कुणाच्या फार जवळ न जाता, उभे होते. सिद्रामप्पा उभे राहिले. दोनदा घसा खाकरला. मग काल सांगितलं होतं तसंच, काही न वगळता, सांगितलं. शेवटी अजीजभाईंकडं वळून त्यांनी हात जोडले. अजीजभाईंनी मान खाली घातली आणि थोड्या वेळानं नुसती हलवली. पुढं पोलिसांकडं जायचं की कसं, यावर आवाज चढले. शिवकन्या म्हणाली की तिच्या पोराचा आठवडा कोण भरून देणार. कुणी तिला गप्प केलं नाही. तक्रार द्यायचं ठरलं, आणि देताना सिद्रामप्पा स्वतः सोबत जाणार हेही.

मग व्यंकट उठला. आज त्याची बटणं नीट होती.

"म्हणजे स्पष्ट झालं, मंडळी. आजाराचा पावडरीशी काही संबंध नव्हता. मॅडमनी शोध लावलाय, त्याच सांगतील. पावडर सुरक्षित आहे. आता ठराव घ्यायला हरकत नसावी."

सगळ्यांच्या माना कहकशांकडं वळल्या. तारामतीनं विचारलं, "सांगा बाई. चांगली हाय का वाईट, ती पावडर?"

कहकशां उभी राहिली. होय म्हणणं किती सोपं होतं. अजीजभाई तिच्याकडं पाहत होते, व्यंकट पाहत होता. काल नजर चुकवणारी माणसंही आज तिच्या तोंडाकडं पाहत होती. ती जे म्हणेल ते आज गावानं मानलं असतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

व्यंकट खाली बसला.

"आजार जारच्या पाण्यानं पसरला असं दिसतंय, तेही तपासणीतून पक्कं व्हायचंय. पण म्हणून विहिरी चांगल्या आहेत हे सिद्ध होत नाही. विहिरींचं पाणी अजून कुणी तपासलेलंच नाही; कालच्या गोंधळात कंपनीची पेटीही इथंच राहिली. गावाची पेटी परवापासून कुलपाबाहेर होती, बर्फ वितळलाय, ती आता चालणार नाही. बाटल्या परत भराव्या लागतील. आणि भुजंगभाऊ पहिल्या दिवसापासून छातीत जाणाऱ्या धुळीचं विचारतायत. त्याचं उत्तर कंपनीनं दिलेलं नाही, मीही त्यांच्या मागे लागले नाही. ते आल्याशिवाय ठराव घेऊ नये, असं माझं मत. मत माझं, ठरवायचं तुम्ही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं की मग इतके दिवस काय केलं तुम्ही लोकांनी. बराच वेळ घासाघीस चालली. काहींना पावडर हवी होती, बालाजीच्या चुलत्यानं तर सांगितलं की यंदा सोयाबीन चांगलं आलं ते त्यामुळंच. शेवटी हात वर झाले. नवीन पावडर थांबवायची; पाण्याचे अहवाल आणि धुळीचं उत्तर आल्यावर पुन्हा बसायचं. आणि बाटल्या आजच भरायच्या, सगळ्यांसमोर, फिल्टरची सुद्धा.

जीपपाशी व्यंकटनं तिला गाठलं.

"वरून फोन येणार मला. तुमच्या कॉलेजलाही जाईल. पुढच्या हंगामाला तुम्ही नसाल बहुतेक." तो रागात होता, पण आवाज खालीच होता. "एक शब्द तर बोलायचा होता."

"कळतंय मला," ती म्हणाली. "तुझ्या पेटीत या वेळी हातपंप घेशील?"

व्यंकटनं जीपचं दार उघडलं, तसंच धरून उभा राहिला. मग मागच्या सीटवरून रिकाम्या बाटल्यांचा खोका काढला आणि काखेत मारून तिच्या मागोमाग चालायला लागला.

तारामतीच्या विहिरीवर माणसं आधीच पोचली होती. लुंबिनी सीलची पट्टी दातानं तोडत होती. पहिली बाटली कुणी भरायची यावरून बायकांत बोलाचाली सुरू झाली होती. भुजंगनं तोवर पोहरा विहिरीत सोडला होता.